साठी, बुद्धी आणि मेंदूच्या रोहिण्या



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साठ वर्षे उलटली की माणसाची बुद्धी नाहीशी होते, असा तिचा सरळ अर्थ. म्हणी ह्या लोकांच्या अनुभवातून जन्माला येतात, तेव्हा त्यांना उगीच हसू नये हे खरे. पण अनुभव खरा असला तरी त्यामागचे कारण लोकांनी बरोबर ओळखलेलेच असते असे नाही. सूर्य उगवताना आणि मावळताना आपण रोज पाहतो. एवढ्यावरून तो पृथ्वीभोवती फिरतो असे काही ठरत नाही.

तेव्हा आज या म्हणीची थोडी उलटतपासणी करू. उतारवयात बुद्धी मंदावते ती निव्वळ वर्षांच्या ओझ्याने, की आणखी कशाने? हा प्रश्न विचारणारी माणसे कोण होती, त्यांना उत्तर कसकसे सापडत गेले, आणि या शोधात आपल्या मुंबईचा वाटा कोणता, ही हकिकत मोठी मनोरंजक आहे. शिवाय ती आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोचणारी आहे.

सुरुवात मुंबईच्या उपनगरांपासून करू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आज कोणालाही मुंबईचीच वाटतात. पण ही सारी मूळची साष्टी बेटावरची गावे. १९५० साली मुंबईची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंत गेली, आणि १९५७ साली ती दहिसर व मुलुंड येथवर वाढली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या नव्या मुंबईत कोकणातून, घाटावरून, खानदेशातून तरुण माणसे आली. कोणी गिरणीत लागले, कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत. विशीत आलेली ती मंडळी आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत. संध्याकाळी स्टेशनाजवळच्या कोणत्याही बागेत जा, बाकांवर ती बसलेली दिसतील.

त्यांच्यातलेच एक आजोबा डोळ्यांपुढे आणा. पस्तीस वर्षे त्यांनी एकच लोकल पकडली. कोणता डबा फलाटावर कुठे थांबतो ते त्यांना डोळे मिटून सांगता येई. आताशा ते जिना उतरून खाली येतात आणि थबकतात. उजवीकडे वळायचे की डावीकडे, हे ठरेपर्यंत गाडी निघून जाते. चालताना पाऊल आखूड पडते. वाण्याचा हिशेब पूर्वी तोंडी होई. आता तो कागदावरही जुळत नाही. बोलणे कमी झाले आहे, कशात मन लागत नाही. घरची माणसे म्हणतात, “चालायचंच! वय झालं आता.”

या ‘चालायचंच’मध्येच सगळा घोटाळा आहे. तो समजून घ्यावयाचा तर आधी थोडे पाण्याकडे वळू.

मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते १८६० साली, विहार तलावातून. आणि हा तलाव या उपनगरांच्या डोंगरातच आहे. मग १८७९ मध्ये तुळशीचे पाणी आले, १८९२ मध्ये तानशाचे. तानशाचे अजस्र नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर असे येतात आणि त्या भागातल्या रहिवाशांना ते रोज दिसतात. असा एखादा मोठा नळ फुटला तर रस्त्यावर नदी वाहू लागते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. पण टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत गेलेली बोटाएवढी नळी आतून गंजत गंजत बारीक झाली, तर तिची बातमी कोण छापणार? त्या घरी हंडा भरायला आधी दुप्पट वेळ लागतो, मग चौपट, आणि मग एके सकाळी नळ कोरडा पडतो.

मेंदूचेही पुष्कळसे असेच आहे. हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीला शाळेच्या पुस्तकात आपण रोहिणी म्हणत आलो. मेंदूकडे अशा चार मोठ्या रोहिण्या जातात. दोन मानेच्या पुढच्या अंगाने आणि दोन मागून, मणक्यांच्या आधाराने. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतके. पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याला लागते. आणि गंमत अशी की एवढा मोठा ग्राहक असूनही त्याच्याकडे साठवणीची टाकी नाही! पुरवठा काही सेकंद पुरता थांबला तर शुद्ध हरपते. काही मिनिटे थांबला तर पेशी मरू लागतात.

मोठी रोहिणी तुंबली किंवा फुटली, की एक हातपाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, वाचा जाते. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. खेड्यात आपण म्हणतो, ‘अंगावरून वारं गेलं.’ हा झाला मोठा नळ फुटण्याचा प्रकार. तो सगळ्यांना दिसतो. पण मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक रोहिण्या आहेत. त्या टेकडीवरच्या शेवटच्या नळीसारख्या. त्यांच्यापैकी एखादी बंद पडली तर मसुराच्या दाण्याएवढा भाग मरतो. दुखत नाही, खुपत नाही, हातपाय जागच्या जागी. आज एक, वर्षाने दुसरी, असे करता करता मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्या भागाशी चालणारा निरोपांचा व्यवहार मंदावतो. म्हणून अशा माणसाला नावे आठवतात, जुन्या गोष्टी आठवतात. पण कामांचा क्रम लावणे, पैशांचा हिशेब, चटकन निर्णय, चालण्याचा तोल, हे आधी बिघडते. आपले फलाटावरचे आजोबा हेच दाखवीत होते.

नळाचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगून ठेवतो. लोखंडी नळ निर्जीव आहे. रोहिणी जिवंत आहे. तिच्या भिंतीत स्नायू असतात. मेंदूच्या ज्या भागाला काम पडेल त्या भागाची रोहिणी फैलावते आणि तिकडे जास्त रक्त पोचवते. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की हीच भिंत जाड आणि ताठ होते, पोकळी अरुंद होते, आणि हुकूम मिळताच फैलावण्याची तिची जुनी सवय सुटते. मधुमेहाने आणि तंबाखूने हेच काम अधिक वेगाने होते.

एवढे आज आपण सहज बोलून गेलो. पण हे कळायला माणसाला सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

१६६४ साली इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे टॉमस विलिस नावाच्या वैद्याने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यातल्या आकृत्या काढण्यास त्याला साहाय्य केले ते ख्रिस्तोफर रेनने, म्हणजे पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल ज्याने उभारले त्याच स्थापत्यकाराने. मेंदूच्या तळाशी त्या चार रोहिण्या एकमेकींना मिळून एक कडे तयार करतात, हे विलिसने दाखवून दिले. एका मृत माणसाची मानेतली रोहिणी पुरती बंद झालेली त्याला आढळली. तरी त्या माणसाला जिवंतपणी कधी पक्षाघात झाला नव्हता. कारण एक वाट बंद झाली तरी कड्यातून दुसऱ्या वाटेने रक्त येत होते. निसर्गाने पर्यायी वाट ठेवली होती ती अशी. मात्र ही सोय मोठ्या रोहिण्यांपुरती. शेवटच्या बारीक नळ्यांना असे कडे नाही.

नळ्यांची रचना कळली, पण आतला दाब कसा मोजावा? दंडाला पट्टी बांधून पाऱ्याच्या उंचीवर रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत साधन १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी केले. १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी पट्टीखाली नळी लावून रोहिणीचा आवाज ऐकण्याची युक्ती काढली, आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे मिळू लागले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका दंडाला पट्टी बांधते तेव्हा याच दोघांचा वारसा चालवीत असते.

पण पाहा, साधन हाती आले तरी समज आली नाही! वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, ताठ झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलायला तो वाढलेलाच बरा, असे मोठमोठे डॉक्टर पुढे कित्येक वर्षे मानीत होते. म्हणजे आपल्या घरातले ‘चालायचंच’ हे त्यांच्या ग्रंथांतही शिरले होते. त्याचा परिणाम एका मोठ्या उदाहरणात दिसतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६ वर १०८ भरला. मीठ कमी करणे, विश्रांती, हृदयाचे औषध, याहून त्यांच्या डॉक्टरांपाशी काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर गेला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला आज कुठल्याही खेड्यात मिळते ती गोळी मिळाली नाही, कारण ती जगात नव्हतीच.

ती पहिली वाट उघडली ती मुंबईत.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना जुनी ओळखीची. निद्रानाश, उन्माद यांवर तिचे मूळ देत असत. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून काही द्रव्ये वेगळी काढली, आणि त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो असे लिहिले. पण लिहिले ते आपल्या देशात वाचले गेले, बाहेर कोणी फारसे लक्ष दिले नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगाचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी अनेक वर्षे आपल्या रोग्यांवर वापरून पाहिली. मग ५० रोग्यांची काळजीपूर्वक नोंद ठेवून त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तिकडे प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतले मुख्य द्रव्य, रेसरपीन, वेगळे काढण्यात आले. आणि बघता बघता सर्पगंधेची गोळी जगभर पसरली. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की मुलुंड आणि बोरिवली मुंबईत आल्या त्या याच वर्षी.

या औषधात दोष होते. काही रोग्यांचे मन त्याने फार उदास होई, आणि पुढे अधिक निर्धोक गोळ्या निघाल्यावर ते मागे पडले. पण त्याने एक मोठे काम करून ठेवले. रक्तदाब उतरवला तर खरोखर माणसाचे भले होते का, हा वाद अजून मिटला नव्हता. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांवर त्याची कसोटी घेतली. १९६७ साली निकाल लागला. रक्तदाब फार चढलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पोकळ गोळी घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर संकट ओढवले, खरी घेणाऱ्यांत अवघ्या दोघांवर. आणि त्या खऱ्या उपचारात कोणती औषधे होती? तीन औषधे होती, आणि त्यांतले एक रेसरपीन, म्हणजे आपल्या सर्पगंधेचा अर्क.

मुंबईतच आणखी एक गोष्ट घडली. मेंदूच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी काही वेळा आपोआप विरघळते आणि वाट पुन्हा मोकळी होते, हे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन दाखवले आणि १९६५ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज पक्षाघात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठले, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पुष्कळांना देता येते. रोहिणी एकदा बंद पडली म्हणजे सारे संपलेच असे नाही, ही आशा त्या चित्रांत आधीच दिसली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पक्षाघात टळला हे ठीक. पण बुद्धीचे काय?

१८९४ साली डॉक्टर बिन्स्वांगर यांनी असे रोगी वर्णिले, की ज्यांची बुद्धी हळूहळू क्षीण झाली आणि ज्यांच्या मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाची रोहिण्यांच्या विकाराने हानी झाली होती. १९०६ साली अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूत वेगळ्याच प्रकारचे डाग आणि गुंते दाखवले. त्या विकाराला पुढे त्यांचेच नाव पडले. त्यानंतरचा इतिहास म्हणजे लंबकाचा हेलकावा. बरीच वर्षे म्हातारपणातील बुद्धिभ्रंश सगळा रोहिण्या ताठरल्यानेच होतो, असे म्हणत. मग १९६० नंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि सारा दोष अल्झायमरच्या विकाराकडे आला.

हा लंबक मध्यावर आणला तो शाळामास्तरणींनी! अमेरिकेत एका ख्रिस्ती संघातील ६७८ वृद्ध भगिनींनी डेव्हिड स्नोडन यांना अभ्यासासाठी संमती दिली. त्यांच्यापैकी बहुतेक जन्मभर शिक्षिका. दरवर्षी बुद्धीची परीक्षा, आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी अर्पण. १९९७ साली जो निष्कर्ष निघाला तो विलक्षण होता. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचे डाग भरपूर होते पण रोहिण्या तुंबल्याने मेलेले भाग नव्हते, त्यांच्यापैकी १०० त ५७ जणींना बुद्धिभ्रंश झाला होता. ज्यांच्या मेंदूत त्याच डागांच्या जोडीला खोल भागात अशा एकदोन लहान जागा होत्या, त्यांच्यात हे प्रमाण १०० त ९३ होते. अर्थ असा, की रोहिण्या शाबूत असल्या तर मेंदू दुसऱ्या विकाराचाही भार काही काळ पेलतो. रोहिण्यांनी साथ सोडली, की तो कोलमडतो.

मग पुढचा प्रश्न. रोहिण्या बिघडायला लागतात केव्हा? हवाई बेटांतील जपानी वंशाच्या ३,७३५ पुरुषांचे रक्तदाब त्यांच्या मध्यम वयात, १९६५ पासून, नोंदलेले होते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. १९९५ साली निष्कर्ष आला, की मध्यम वयात ज्यांचा वरचा आकडा चढा होता, त्यांचीच बुद्धी म्हातारपणी अधिक मंदावली. पेरणी पन्नाशीत, कापणी पंचाहत्तरीत! शेतकरी मंडळींना हे निराळे समजावून सांगायला नको.

आणि उपचाराने फळ मिळते का? १९९८ साली युरोपातील एका चाचणीत, साठीच्या पुढच्या माणसांचा रक्तदाब औषधाने उतरवल्यावर बुद्धिभ्रंश निम्म्यावर आला. मात्र रोग्यांची संख्या लहान होती. २०१९ साली अमेरिकेतील नऊ हजारांहून अधिक माणसांच्या चाचणीचा निकाल आला. वरचा आकडा १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा बुद्धीतील सौम्य बिघाड जवळजवळ एक पंचमांशाने कमी झाला. पुऱ्या बुद्धिभ्रंशाबाबत मात्र फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता. इतिहास सांगणाऱ्याने हेही सांगावे. गोळी म्हणजे अमृत नव्हे. पण ‘वय झालं’ म्हणून हात जोडून बसण्यापेक्षा ती निश्चित चांगली.

आता आपल्याकडची मोजदाद पाहू. १९८५ साली मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० माणसांची पाहणी झाली आणि तीत पक्षाघात झालेल्यांची नीट नोंद झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चाळिशीपुढच्या चोवीस हजारांहून अधिक मुंबईकरांना तपासले होते. त्यात पासष्टीच्या पुढे १०० त सुमारे अडीच जणांना बुद्धिभ्रंश आढळला. कारणांत अल्झायमर पहिला आणि रोहिण्यांचा विकार दुसरा. पुढे डॉ. दलाल यांनीच २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतील एका ठरवून घेतलेल्या भागातल्या १,५६,८६१ माणसांवर लक्ष ठेवले. ४५६ जणांना पहिला पक्षाघात झाला. त्यांच्यापैकी १०० त ८० हून अधिक जणांना रक्तदाबाचा विकार होता, आणि १०० तले जवळजवळ ३० जण अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावले. २०२१ च्या मुंबई महापालिकेच्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या १०० मुंबईकरांत सुमारे ३४ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे अंधेरीच्या लोकलमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या तिघांपैकी एक जण!

खेड्यातील मंडळी म्हणतील, हे शहरातले दुखणे. धावपळ, धूर, बाहेरचे खाणे. आम्ही मोकळ्या हवेत राहतो. मलाही तसेच वाटत असे. पण गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ पासून दोन वर्षे ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले आढळले. सर्व कारणांत तेच पहिले. आणि त्यातले बहुतेक घरच्या घरी. जिथे हिवताप आणि कुपोषण हीच मुख्य संकटे असे आपण समजत होतो, तिथे हा पाहुणा न बोलावता येऊन बसला होता. जो रक्तदाब एवढ्यांचे प्राण घेतो, तो मागे राहिलेल्या किती जणांची बुद्धी बारीक बारीक कुरतडत असेल, याचा विचार करा.

२०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यात त्याचा आरंभ सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाला. पद्धत साधी. तिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजायचा, ठरलेली औषधे ठरलेल्या क्रमाने द्यायची, आणि गोळ्या गावाजवळ फुकट मिळतील अशी व्यवस्था करायची.

तेव्हा मंडळी, रूझवेल्टला जे मिळाले नाही ते आज आपल्या दाराशी आहे. अडचण आहे ती शेवटच्या नळीची. दाब वाढलेला असतो पण दुखत काही नाही, म्हणून कोणी मोजत नाही. मोजला आणि गोळी सुरू झाली, तर महिन्याभराने बरे वाटते म्हणून ती बंद होते. बरे वाटते ते गोळीमुळे, हे लक्षात राहत नाही. छपरावर कौल आहे म्हणून घर गळत नाही; गळत नाही म्हणून आपण कौल काढून ठेवतो का?

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेत पालकसभा होते. तिथे येणारे आईबाप तिशी-चाळिशीत असतात, आणि हीच पेरणीची वेळ. एखाद्या सभेला आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलवा आणि सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या. आधी तुमचा स्वतःचा. आकडा पुन्हा पुन्हा १४० वर ९० च्या पुढे आला तर डॉक्टरांना दाखवा. साखरही तपासून घ्या. दिवसाला सगळे मिळून चहाचा एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, याहून जास्त मीठ नको. त्यात लोणचे, पापड, खारवलेली मासळी सगळे धरून. विडी, तंबाखू, मशेरी सोडा. रोज भरभर चाला. आणि कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका; वेळ पाहून ठेवा आणि तडक मोठे रुग्णालय गाठा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वागणे बदलले तर ‘चालायचंच’ म्हणण्याआधी त्याला एकदा डॉक्टरांकडे न्या. कधी रक्तदाब निघेल, कधी मधुमेह, कधी थायरॉइड, कधी जीवनसत्त्वाची कमतरता, कधी नुसते ऐकू कमी येणे किंवा मनाची उदासी. यातले पुष्कळसे सुधारता येते. जे सुधारत नाही त्यालाही पुढे सरकायला विलंब लावता येतो. फलाटावर थबकलेल्या त्या आजोबांची मेलेली पेशी आपण परत आणू शकत नाही. पण त्यांची पुढची नळी बंद पडू नये एवढे करता येते. आणि त्यांना जिना उतरताना हात देणाऱ्या त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाच्या बाबतीत तर अजून फारच काही हातात आहे.

म्हण बनवणारे आपले पूर्वज लबाड नव्हते. त्यांच्यापाशी दाब मोजायला पट्टी नव्हती आणि उतरवायला गोळी नव्हती; त्यांनी जे पाहिले ते सांगितले. आपल्यापाशी दोन्ही आहे. तेव्हा पुढच्या वेळी ही म्हण ओठांवर आली, तर ती पुरी करण्याआधी समोरच्याला एवढेच विचारा, “आजोबा, शेवटचा रक्तदाब केव्हा मोजला होता?”